चेहऱ्यासाठी हिरडा: निवडण्यापासून धुऊन काढण्यापर्यंत

हिरडा त्वचेला चांगला, एवढं कानावर आलं की चूर्णाची पुडी घरात येते. पाण्यात कालवून जाडजूड थर चेहऱ्यावर चढतो, कडकडीत वाळेपर्यंत ठेवला जातो, आणि दुसऱ्या दिवशी गाल ओढल्यासारखे वाटतात, नाकपुड्यांच्या कडांना पापुद्रे धरतात. मग ‘हिरडा उष्ण पडला’ म्हणून डबा फडताळात मागे जातो. बहुतेक वेळा चूक औषधाची नसते. कोणता हिरडा, किती आणि किती वेळ, हे कुणी नीट सांगितलेलं नसतं. ते इथे क्रमानं दिलं आहे.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे नियम आपोआप पटतील. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं. तोंडात टाकल्यावर जीभ आवळून येते ती त्यामुळेच. टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं आणि वरचा थर आकसतो. याच गुणावर कातडी कमावली जाते, म्हणून तर एका प्रकाराचं नावच चांभारी हिरडा. तेलकट, घामट, पुटकुळ्यांच्या त्वचेला हा तुरटपणा थोडा मिळाला तर ओल आणि चिकटपणा कमी होतो. जास्त मिळाला तर त्वचा कोरडी पडते, भेगाळते. हिरडा वापरताना सगळी काळजी घ्यायची ती या एका तुरटपणाची.

काय काय लागेल

- अख्खा सुरवारी (पूर्ण पिकलेला, मोठा) हिरडा, १०० ग्रॅम (दोन महिन्यांना भरपूर होतो)
- दगडी सहाण, चेहऱ्यासाठी वेगळी ठेवता आली तर उत्तम
- दगडी खलबत्ता किंवा पाटा-वरवंटा, आणि मिक्सरचं लहान भांडं
- मलमलीचा किंवा जुन्या धोतराचा स्वच्छ तुकडा
- स्टीलचं पातेलं, काचेची किंवा चिनी मातीची वाटी
- मसूरडाळीचं बारीक पीठ
- झाकण घट्ट बसणारी काचेची कोरडी बरणी
- डाग पडला तरी चालेल असा जुना पंचा

लोखंड या यादीत मुद्दाम नाही. टॅनिन आणि लोह एकत्र आलं की निळसर काळा रंग तयार होतो. पूर्वी शाई याच मेळातून बनवत. केसांना लावायचा हिरडा-आवळा लोखंडी कढईत भिजवतात तो काळेपणासाठीच, पण चेहऱ्याला ते नको. लोखंडी खलबत्ता, कढई, तवा, चाळणी, सगळं लांब ठेवा. हिरडा हाताला लागलेला असताना विळीवर भाजी चिरलीत तर बोटांवर आणि नखांत काळे डाग पडतात आणि ते साबणानं लगेच जात नाहीत.

बोअरवेलचं पाणी वापरत असाल तर आधी तपासा. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चिमूटभर चूर्ण टाका आणि पाच मिनिटं थांबा. पाणी पिवळट तपकिरी झालं तर ठीक. करडं किंवा निळसर होऊ लागलं तर त्यात लोह आहे, लेपाला गाळलेलं पिण्याचं पाणी घ्या.

१. दुकानात कोणता हिरडा मागायचा

नुसतं ‘हिरडा द्या’ म्हणाल तर दुकानदार समोर असेल तो देईल. झाड एकच, पण फळ कोणत्या अवस्थेत उतरवलं यावरून बाजारात तीन नावं आहेत.

बाळहिरडा म्हणजे आत बी धरण्याआधी गळलेलं किंवा झोडलेलं कोवळं फळ. वाळल्यावर काळं, सुरकुतलेलं, मनुक्यापेक्षा थोडं मोठं आणि दगडासारखं टणक. जुन्नर, आंबेगाव, अकोले भागातल्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबं तो एप्रिल-मेच्या उन्हात गोळा करून वाळवतात आणि त्या भागातल्या अनेक घरांचं वर्षाचं नगद उत्पन्न त्यावर असतं. बाळगुटीत असतो तो हाच. चांभारी हिरडा त्याहून वाढलेला, पण पुरता न पिकलेला. तो रंगकामाला आणि कातडी कमवायला जातो. सुरवारी हिरडा म्हणजे पूर्ण पिकलेलं मोठं फळ, पिवळट तपकिरी, अंगावर पाच ठळक शिरा, आत एक कठीण बी.

बाहेरून लावायला सुरवारी घ्या. गर जास्त असतो, दळायला सोपा जातो आणि खराब झालेला चटकन ओळखू येतो. संस्कृत ग्रंथांत हिरड्याचे विजया, रोहिणी, पूतना, अमृता, अभया, जीवंती आणि चेतकी असे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी लेपासाठी पूतना आणि जखम भरून येण्यासाठी रोहिणी. आजच्या दुकानात या नावानं माल मिळत नाही. कुणी ‘खास पूतना हरीतकी’ म्हणून चौपट भाव लावत असेल तर परत या.

पारख अशी करा. फळ हातात जड लागलं पाहिजे. दोन-तीन फळं पाण्यात टाकून बघा, चांगला हिरडा बुडतो. ही कसोटी जुन्या ग्रंथांतली आहे आणि आजही उपयोगी पडते, कारण किडीनं पोखरलेलं फळ आतून पोकळ होऊन तरंगतं. टाचणीच्या टोकाएवढी भोकं, तळाशी भुसा, कुबट वास यांपैकी काहीही दिसलं तर तो माल नको.

तयार चूर्णाबद्दल थोडं स्पष्ट सांगायला हवं. पुडीतल्या चूर्णात बी दळलेलं आहे की फक्त गर, ते कधीचं आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. बी कठीण आणि त्वचेला निरुपयोगी, त्याचे कण चेहऱ्यावर ओरखडे काढतात. अख्खं फळ फोडायला वेळ नसेल तर ‘हिरडादळ’ मागा, म्हणजे बी काढलेल्या फोडी. त्याहून तयार काही घेऊ नका.

२. फोडणं, दळणं, वस्त्रगाळ करणं

एका वेळी चार-पाच फळांपेक्षा जास्त फोडू नका. चूर्णाचं वीर्य, म्हणजे औषधी जोर, दोन महिन्यांत उणावतं, हा शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथातला दंडक आहे. अख्खा हिरडा मात्र कोरड्या बरणीत वर्षभर चांगला राहतो.

फळं ओल्या फडक्यानं पुसून एक दिवस उन्हात ठेवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर कढई गरम करून गॅस बंद करा, फळं स्टीलच्या ताटलीत घालून ती ताटली कढईवर ठेवा. ओलसर हिरडा मिक्सरमध्ये चिकट गोळा होऊन पात्याला बसतो, म्हणून ही पायरी गाळू नका.

आता फळ जाड फडक्यात गुंडाळून वरवंट्यानं ठेचा. फडकं नसेल तर टवके घरभर उडतात. गराचे तुकडे सुटे होतात, मधली आठळी बहुधा अख्खी निघते. ती टाकून द्या. गराचे तुकडे खलबत्त्यात जाडसर कुटून घ्या. यातली निम्मी भरड काढ्यासाठी बाजूला ठेवा आणि उरलेली मिक्सरमध्ये थांबून थांबून, एका वेळी पंधरा-वीस सेकंद फिरवा. झाकण लगेच उघडू नका, भुकटी बसू द्या. ती नाकात गेली तर घसा खवखवतो, म्हणून नाकावर रुमाल बांधा.

चहाच्या गाळणीतून गाळलेलं चूर्ण चेहऱ्यासाठी चालत नाही. वस्त्रगाळच हवं. वाटीच्या तोंडावर मलमलीचा दुहेरी तुकडा ताणून रबरानं बांधा, वर दोन चमचे चूर्ण घाला आणि चमच्याच्या पाठीनं हलकेच फिरवत राहा. खाली पडतं ते दोन बोटांत चोळून बघा. तांदळाच्या पिठीसारखं मऊ लागलं पाहिजे. किंचित जरी खरखर जाणवली तरी पुन्हा गाळा. कापडावर उरलेला चाळ फेकू नका, तो काढ्याच्या भरडीत मिसळा.

बरणीवर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवा.

३. आधी हातावर, मग चेहऱ्यावर

पाव चमचा चूर्ण पाण्यात कालवून कोपराच्या आतल्या मऊ बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावा. दहा मिनिटांनी धुवा. त्यानंतर दोन दिवस त्या जागेकडे लक्ष ठेवा. लाली, खाज किंवा पुरळ आलं तर हिरडा तुमच्यासाठी नाही, प्रमाण कमी करून पुन्हा प्रयत्न करू नका. किंचित ओढल्यासारखं वाटणं आणि ते तासाभरात जाणं यात काही वावगं नाही.

४. एखाद-दुसऱ्या पुटकुळीसाठी: उगाळून

सगळ्यात साधी आणि सगळ्यात कमी चुकणारी पद्धत हीच. नवशिक्यानं पहिले दोन आठवडे एवढंच करावं.

सहाणेवर उकळून गार केलेल्या पाण्याचे चार-पाच थेंब घ्या. अख्खा हिरडा बोटांत धरून गुटी उगाळतो तसा गोल फिरवा. गुटीला एक-दोन वेढे पुरतात, इथे पंधरा-वीस वेढे लागतील. दुधाळ तपकिरी, बोटावरून न ओघळणारं गंध तयार झालं की ते फक्त पुटकुळीवर टेकवा, भोवती पसरवू नका. दहा मिनिटांत ओलं असतानाच पाण्यानं पुसून घ्या. दिवसातून एकदा पुरे.

बाळाच्या गुटीतला हिरडा यासाठी उचलू नका. चेहऱ्यावरच्या पुवाचा हात लागलेलं काही पुन्हा बाळाच्या तोंडात जाता कामा नये. उगाळून झाल्यावर तुमचा हिरडाही धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून ठेवा. ओला ठेवला तर दोन दिवसांत त्यावर बुरशीची पांढरी लव येते.

पू भरलेली पुटकुळी फोडून त्यावर उगाळलेला हिरडा लावण्याची सवय अनेकांना असते. ती पूर्ण सोडा. घरात उगाळलेलं गंध निर्जंतुक नसतं, उघड्या जखमेत ते जाऊ नये.

५. तेलकट चेहऱ्यासाठी लेप

नुसता हिरडा सगळ्या चेहऱ्याला कधीच लावायचा नाही. एक चहाचा चमचा वस्त्रगाळ हिरडा आणि तीन चमचे मसूरपीठ, हे एका चेहऱ्याचं आणि मानेचं प्रमाण. त्वचा साधारण, म्हणजे फक्त कपाळ आणि नाक तेलकट असेल तर मसूरपीठ पाच चमचे घ्या आणि लेप तेवढ्याच भागावर लावा. कोरड्या त्वचेला हा लेप लावूच नये. सायीत, दुधात कालवला तरी तुरटपणा जात नाही.

पाणी थोडं थोडं घालत कालवा. धिरड्याच्या पिठाइतकं सैल झालं की थांबा. पाच मिनिटं झाकून ठेवा, पीठ पाणी शोषून थोडं आळतं, मग लागलं तर आणखी अर्धा चमचा घाला.

चेहरा साध्या पाण्यानं धुऊन किंचित ओलसर असतानाच पातळ थर लावा. डोळ्यांभोवती दोन बोटं जागा सोडा, ओठांच्या कडाही सोडा. पंखा बंद करा. आणि इथेच सगळ्यांत जास्त चुकतं, म्हणून नीट वाचा: लेप वाळू द्यायचा नाही. घड्याळापेक्षा जबड्याच्या कडेकडे बघा, तिथला थर सगळ्यात पातळ असतो. तिथला रंग फिका पडू लागला, की लगेच धुवायला उठा. विदर्भातल्या उन्हाळ्यात हे पाच-सहा मिनिटांत होईल, कोकणातल्या श्रावणात पंधरा मिनिटं लागतील. ‘वीस मिनिटं ठेवा’ असा ठोकळ नियम म्हणूनच उपयोगाचा नाही. वाळलेला लेप अंगावर राहू देऊ नये आणि रात्री लेप लावू नये, असं सुश्रुतसंहितेतही बजावलं आहे. वाळताना थर आकसतो, खालच्या त्वचेतली ओल खेचतो, आणि तो खरवडून काढताना वरचा पापुद्राही निघतो.

काढताना चोळू नका. ओले तळवे चेहऱ्यावर अर्धा मिनिट दाबून धरा, थर भिजून सुटतो, मग भरपूर पाण्यानं धुवा. नंतर साबण किंवा फेसवॉश नको. जुन्या पंचानं टिपून घ्या आणि त्वचा ओलसर असतानाच साधं, बिनतेलाचं मॉइश्चरायझर लावा. इथे खोबरेल लावू नका, पुटकुळ्या येणाऱ्या त्वचेत त्यानं रंध्रं बुजतात.

पहिला महिना आठवड्यातून एकदा, नंतर फार तर दोनदा. रोज लावल्यानं लवकर फरक पडत नाही, त्वचा सोलवटते आणि मग महिनाभर काहीच लावता येत नाही.

लेपात काय घालू नये, हेही सांगायला हवं, कारण स्वयंपाकघरात हात आपोआप पुढे जातो. लिंबू नको: हिरडा आधीच आम्लधर्मी, वर लिंबू म्हणजे जळजळ. खायचा सोडा नको, तुरटी नको. हळद घालायचीच असेल तर चिमूटभर, पण हिरड्याचा आणि हळदीचा पिवळेपणा मिळून चेहरा दुसऱ्या दिवशीही पिवळट दिसतो, लग्नकार्याच्या आदल्या दिवशी हा प्रयोग नकोच.

६. काढा: पाठ, काखा आणि पावसाळ्यातले पाय

दहा ग्रॅम भरड (साधारण तीन चहाचे चमचे) ४०० मिली पाण्यात स्टीलच्या पातेल्यात तासभर भिजवा. मग मंद आचेवर, झाकण न ठेवता, निम्मं म्हणजे २०० मिली होईपर्यंत आटवा. गार झाल्यावर दुहेरी कापडातून गाळा. रंग गडद चहासारखा येतो.

पाठीवरच्या आणि खांद्यावरच्या पुटकुळ्यांना, घामोळ्यांना यात तेवढंच साधं पाणी मिसळून आंघोळीच्या शेवटी अंगावर घ्या, पाच मिनिटांनी साध्या पाण्यानं धुवा. काखांत वापरायचं असेल तर त्याच दिवशी केस काढलेले नसावेत, फार झोंबतं.

हिरड्याचा काढा सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो पावसाळ्यात पायांना. भातलावणीत दिवसभर चिखलात उभं राहिलं, किंवा शहरात ओल्या बुटांत आठ तास पाय कोंडले, की बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी, मऊ, फुगल्यासारखी होते. चिखल्यांची ही पहिली पायरी. अशा वेळी पाय साबणानं स्वच्छ धुऊन कोमट काढ्यात दहा मिनिटं बुडवा, मग प्रत्येक बेचकं सुक्या कापडानं वेगळं टिपा. टिपणं बुडवण्याइतकंच महत्त्वाचं आहे. बेचक्यात ओल राहिली तर काढ्याचा काही उपयोग नाही. कातडी फाटली असेल, रक्त येत असेल, वास मारत असेल तर हे करू नका, डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असलेल्यांनी पायांवर कोणताही घरगुती प्रयोग करू नये, पहिल्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

काढा त्याच दिवशी वापरा. फ्रिजमध्ये झाकून ठेवला तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालतो, त्यापुढे फेकून द्या. ओतताना बेसिन लगेच धुवा. संगमरवराच्या ओट्यावर आणि पांढऱ्या कपड्यांवर त्याचे डाग बसतात, कापड रंगवणारे हिरड्याचा उपयोग करतात तो यामुळेच.

७. पोटात घेण्याबद्दल

‘पोट साफ तर चेहरा साफ’ म्हणून रोज रात्री हिरड्याचं चूर्ण घेणारे पुष्कळ. हा उपचार वेगळा आहे आणि त्याची मात्रा प्रकृती बघून वैद्यच ठरवतात. अशक्त, कृश, उपास करणाऱ्या, फार थकलेल्या, पित्त वाढलेल्या माणसानं आणि गर्भवतीनं हिरडा खाऊ नये, असं परंपरेनंच सांगितलं आहे. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही सांगितल्याशिवाय घेऊ नका. चेहऱ्यासाठी आणलेलं चूर्ण उरलं म्हणून ते खाणं, हे तर नकोच.

८. कुणी लावू नये, कधी थांबावं

इसब, सोरायसिस किंवा मुळातच कोरडी, फुटणारी त्वचा असलेल्यांनी हिरडा लावू नये. तान्ह्या मुलांच्या अंगाला नको. मुरुमांसाठी डॉक्टरांनी रेटिनॉइड किंवा बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम दिलं असेल तर ते चालू असेपर्यंत हिरडा थांबवा, दोन्ही मिळून त्वचा भाजल्यासारखी लाल होते.

गजकर्णावर हिरडा चोळत बसू नका. तो बुरशीचा संसर्ग आहे, पसरतो, घरातल्यांनाही होतो. त्याहून वाईट म्हणजे दुकानातून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावून ‘वरून हिरडा’ असा उपचार. त्यानं चट्टा दबतो, पण आतून वाढत राहतो. थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

हिरड्यानं रंग उजळत नाही, आणि उजळावा अशी अपेक्षाही ठेवू नका. वांग, उन्हानं पडलेले काळे डाग यांवर भर उन्हात न जाणं आणि सनस्क्रीन लावणं जास्त उपयोगाचं. तेलकटपणा कमी होणं, नव्या पुटकुळ्या कमी येणं, एवढं साधलं तरी फळानं आपलं काम केलं.

तेही दिसायला दीड-दोन महिने लागतात. पहिल्या दिवशी खिडकीजवळच्या उजेडात चेहऱ्याचा फोटो काढा आणि दर दोन आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा काढा. रोज आरशात बघून फरक कळत नाही. आठ आठवड्यांनंतर फोटोंत काही बदल दिसत नसेल, किंवा मधेच मोठ्या, दुखऱ्या, आत गाठ असलेल्या पुटकुळ्या येऊ लागल्या, तर लेप बंद करा आणि ते फोटो घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. काय लावलं, किती लावलं, किती वेळ ठेवलं हेही सांगा, त्यांना उपचार ठरवताना ते लागतं.